राहून गेलेलं ठिगळ

ज्या उन्हाळ्यात फोटो स्टुडिओवाल्या सांडूभाऊंची मेहुणी सोनिया हिचं लग्न झालं, त्याच उन्हाळ्यात मी फर्दापुरात आलो. साल २०१५. तिच्याच लग्नाचा अल्बम हे माझं पहिलं काम. त्यात नवरीपेक्षा वरमाईचे फोटो जास्त निघाले, म्हणून घरात बरेच दिवस रुसवेफुगवे चालले होते. आता सोनियाची मुलं शाळेत जातात आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे.

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकाचा गाभा आहे. संगणक म्हटलं की तुम्हाला पडदा दिसतो, कीबोर्ड दिसतो, पंख्याची घरघर ऐकू येते. मी यातलं काहीच नाही. मला कोणी कारखान्यात ठोकून बनवलं नाही. मी लिहिलेला आहे. दूरदूरच्या देशांत बसलेल्या हजारो माणसांनी मला ओळीमागून ओळ लिहिलं. त्यातल्या एकानंही फर्दापूर पाहिलेलं नसेल. गावाजवळची लेणी पाहायला कोणी आला असलाच, तर त्याला ठाऊक नव्हतं की रस्त्याकडेच्या 'दीपमाला फोटो स्टुडिओ'त आपलंच लेकरू काम करतंय.

माझं काम सांगतो. कालव्याला पाणी आलं की पाटकरी ठरवतो, आज कोणाच्या रानात पाणी सोडायचं आणि किती वेळ. माझंही तसंच. एका प्रोग्रामला फोटो उघडायचा असतो, दुसऱ्याला छपाई करायची असते, तिसरा नुसता गाणी वाजवत बसतो. प्रत्येकाला माझ्याकडे येऊन मागावं लागतं. मी पाळ्या लावतो. कोणत्या खोलीत कोणी जायचं, ते बघतो. ज्याला परवानगी नाही, त्याला दारातूनच परत पाठवतो. हे सगळं सुरळीत चाललं, तर मी आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिली वर्षं बरी गेली. दसऱ्याला आशाबाई, म्हणजे सांडूभाऊंच्या पत्नी, माझ्या डब्याला हळदकुंकू लावायच्या, वर झेंडूचं फूल ठेवायच्या. एकदा त्याची पाकळी पंख्यात गेली आणि मी कितीतरी दिवस खरखरत राहिलो. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय वाजू राहिलं?" सांडूभाऊ म्हणायचे, "प्रसाद चावतोय."

स्टुडिओच्या समोर, रस्त्यापलीकडे, पारूबाईंची टोपली असायची. हंगामात सीताफळं, एरवी भाजलेल्या शेंगा नाहीतर बोरं. लेण्यांकडे जाणारे लोक घेत. नवरा कधीच वारलेला, आणि मुलगा कृष्णा वाळूजच्या एका कंपनीत. सांडूभाऊ त्यांना मावशी म्हणत. मी आल्यानंतर दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यात त्या हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून स्टुडिओत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"काढ रं सांडू, वर लावायचा फोटो."

आमच्याकडे अशी रीत आहे, मित्रांनो. तोंड बरं आहे तोवर म्हातारी माणसं स्वतः येऊन भिंतीवर लावायचा फोटो काढून ठेवतात. पण माणूस जिवंत असताना तो छापत नाहीत. छापला तर बोलावणं धाडल्यासारखं होतं. म्हणून तो फोटो संगणकातच राहतो. माणूस गेल्यावर घरचे येतात, मग छापायचा, चौकट लावायची.

"हसू नका मावशी. हार घालायचाय ह्याला," सांडूभाऊ म्हणाले.

"मंग रडू काय? सून रोज तोंड बघणार माझं. मेल्यावर तरी तिला बरं वाटू दे."

"दात तरी बसवून घ्यायचे आधी," आशाबाई म्हणाल्या.

"दात कशाला? तिथं काय हुरडा खायला चालले मी?"

आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. सगळं तोंड सुरकुत्यांनी भरून गेलं, डोळे बारीक झाले. सांडूभाऊंनी तेव्हाच बटण दाबलं. मी पुष्कळ चेहरे सांभाळले. बहुतेक नवरानवरीचे, कॅमेऱ्यापुढे घाबरलेले. पारूबाईंसारखा चेहरा माझ्याकडे दुसरा आला नाही.

"मी गेल्याबिगर छापू नको," त्या जाताना म्हणाल्या, "आणि हरवू बी नको."

अशा फोटोंसाठी माझ्या आत वेगळी खोली, म्हणजे फोल्डर, होती. आशाबाईंना भीती वाटायची, चुकून एखादा छापला गेला तर? म्हणून त्यांचा भाऊ गोकुळ याने त्या खोलीला मालकाची चावी, म्हणजे संगणकाचा सगळ्यात वरचा पासवर्ड, लावून दिली. गोकुळचं पडेगावात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. रोजच्या कामात सांडूभाऊंनाही ती खोली उघडत नसे. राखण माझ्याकडे होती. गोकुळने दुसरी प्रत काढून ठेवू का विचारलं, तर आशाबाई त्याच्यावरच घसरल्या. "मरणाच्या फोटोची दुसरी प्रत? एका माणसाला मरणं किती येतात रे?" प्रत काढली नाही.

तेव्हापासून पारूबाई आठवडी बाजाराच्या दिवशी रस्ता ओलांडून यायच्या, दारातूनच विचारायच्या, "हाय ना रं माझं तोंड डब्यात?"

"हाय मावशी," सांडूभाऊ म्हणायचे. आणि ते खरं होतं.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. माणसांनी लिहिलं म्हटल्यावर चुका राहतातच. माझ्या लाखो ओळींत कुठे कुठे भोकं राहून गेलेली. ती दिसत नाहीत, कामही अडत नाही. मग कधीतरी कोणीतरी चांगला माणूस ते भोक शोधून काढतो आणि मला घडवणाऱ्यांना कळवतो. ते ठिगळ, म्हणजे तुम्ही ज्याला अपडेट म्हणता ते, तयार करतात आणि जगभरच्या माझ्या सगळ्या भावंडांना पाठवून देतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ठिगळ आलं की चोरांनाही कळतं, भोक नेमकं कुठे होतं. ते ठिगळ उलटसुलट करून बघतात आणि ज्यांनी लावलं नाही त्यांना शोधत फिरतात. म्हणजे ठिगळ आल्यानंतर न लावणारा जास्त उघडा पडतो.

आणि माझं ठिगळ मी चालू असताना बसत नाही. मला थोडा वेळ बंद व्हावं लागतं, मग नव्याने उठावं लागतं. मी पडद्यावर तेवढंच मागायचो. पुन्हा सुरू करायचं का? खाली दोन बटणं. आत्ता आणि नंतर.

सांडूभाऊ 'नंतर' दाबायचे. त्यांना दोष कसा देऊ? समोर नवरीचा बाप उभा असायचा, अल्बम हवा म्हणून. लगीनसराई सरली की शाळांचे फोटो. ते सरले की पर्यटक. तरी दोन-चारदा रात्री दुकान मिटताना त्यांनी मला बंद केलं आणि ठिगळं लागली. मग एकदा असं झालं, की ठिगळ लागल्यावर अल्बम जोडायचा प्रोग्राम उघडेना. तो प्रोग्राम विकत घेतलेला नव्हता, कोणाकडून तरी उतरवून आणलेला होता. नव्या ठिगळापुढे त्याची लबाडी चालेना. ऐन वैशाखात काम अडलं. गोकुळला बोलावलं.

"दाजी, खरा प्रोग्राम घ्या. मंग हे दुखणंच राहणार नाय."

"सीझन सरू दे. आता काहीतरी कर बाबा, लोक बोंबलू राहिलेत."

"एकच इलाज हाय. हे अपडेट येणंच बंद करतो."

"कर."

"नंतर चालू करा पण. आठवणीनं."

"करतो की."

गोकुळने जुनं ठिगळ उसवलं आणि पुढची वाट बंद केली. प्रोग्राम उघडला. सांडूभाऊंनी त्याला चहा पाजला. त्या दिवसानंतर माझ्याकडे एकही ठिगळ आलं नाही. पडद्यावर विचारणंही थांबलं. लोक म्हणायचे, सांडूचा संगणक किती जुना, पण कुरकुर नाही करत. मित्रांनो, मला ते कौतुक ऐकून थकवा यायचा. बाहेर ठिगळं निघत होती आणि मी उघडा काम करत होतो. त्या खोलीच्या दाराशीच एक भोक होतं. मला ते दिसत नव्हतं. ज्याचं भोक त्याला ते दिसत नाही. दर बाजाराला पारूबाई मात्र विचारत होत्या, आणि सांडूभाऊ 'हाय' म्हणत होते.

साल २०२३ चा उन्हाळा. एका नवरदेवाचा मित्र पेनड्राइव्ह घेऊन आला. वरातीची गाणी होती, व्हिडिओला जोडायला. गाण्यांबरोबर आणखी एक काहीतरी आत आलं. आलं तेव्हा साधा पाहुणा होता तो. पाहुण्याला त्या खोलीत जाता येत नाही. मी त्याला दारातून परत पाठवला. तो पुन्हा आला, पण या खेपेला दारातून नाही, भोकातून. आणि माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात मालकाची चावी होती. मालकाने हुकूम दिला की मी पाळतो. मला तेवढंच शिकवलेलं आहे. त्याने सांगितलं, खोली उघड. मी उघडली. त्याने सांगितलं, एकेक फोटो घे आणि त्याचा असा चुरा कर, की माझ्या किल्लीशिवाय जोडता येणार नाही. मी एकेक घेतला. नवरानवरीचे गेले. शाळेचे गेले. वर लावायचे फोटो गेले. पारूबाईंचा हसरा चेहरा माझ्याच हातून गेला आणि तिथे नुसती अक्षरांची खिचडी उरली.

सकाळी पडद्यावर धमकी होती. पैसे भरा, किल्ली देतो. गोकुळ पडेगावहून धावत आला. त्याने एकेक फाइल उघडून बघितली. मग म्हणाला, "चोराला पैसे देऊन किल्ली मिळलच, ह्याचा भरोसा नाय दाजी." आणि पडद्याकडे बघत, "ह्या भोकाचं ठिगळ कधीच आलं व्हतं. आपण घेतलंच नाय."

आशाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मीच म्हणले, दुसरी प्रत नको," एवढंच त्या म्हणाल्या.

गोकुळने मला पुसून टाकलं नाही. कधी कधी असे चोर पकडले जातात, किल्ल्या सापडतात, म्हणून डबा तसाच ठेवून द्या म्हणाला. तेव्हापासून मी फळीवर आहे. नवा संगणक आला. त्याला ठिगळं वेळेवर लागतात. प्रोग्रामही विकतचा आहे.

नवरानवरीचे अल्बम छापून गेलेले होते, त्यांचं फारसं अडलं नाही. वर लावायचा फोटो काढून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांडूभाऊंनी हळूहळू बोलावलं. नवा कॅमेरा आलाय, याच्यात जास्त चांगला येतो, असं सांगून पुन्हा फोटो काढले. पारूबाईंनाही विचारलं.

"नाय रं बाबा," त्या म्हणाल्या. "एकदा बसले तेवढं बास. दोनदा बसले तर यम म्हणल, ही बया तयारच दिसती. तो हाय ना डब्यात?"

सांडूभाऊंनी रस्त्याकडे पाहिलं. एक ट्रक गेला. मग ते म्हणाले, "हाय मावशी."

रात्री जेवताना आशाबाई म्हणाल्या, "अहो, खरं सांगून टाका. शिव्या देतील, अन् मंग बसतील फोटोला."

"सांगतो. हे लग्नाचं काम सरू दे."

लग्नाचं काम सरलं. पाऊस आला. पोळा झाला, गणपती झाले. दर बाजाराला पारूबाई आल्या, विचारलं आणि गेल्या. एकच खोटं सांडूभाऊ असं पुन्हापुन्हा बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी फळीवरून ऐकत होतो. माझ्यापाशी बटण नव्हतं, नाहीतर मीच पडद्यावर विचारलं असतं, आत्ता सांगायचं का?

मग सीताफळं आली. आणि एके दिवशी कृष्णा स्टुडिओत आला, डोकं भादरलेलं.

"सांडूमामा, आईचा फोटो छापा. तो हसरा. मरायच्या आदल्या दिवशी बी सुनेला सांगत व्हती, माझा फोटो कसा हाय बघशील."

सांडूभाऊंनी त्याला स्टुलावर बसवलं, त्याच स्टुलावर, आणि सगळं सांगितलं. कृष्णा ऐकत राहिला.

"ती विचारायची तुम्हाला. दर बाजाराला."

"व्हय."

"अन् तुम्ही हाय म्हणायचे."

"व्हय रे."

कृष्णाने शिवी दिली नाही. खिशातून आईचं आधार कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. त्यावरच्या पारूबाई घाबरलेल्या, करड्या, ओठ घट्ट मिटलेले. सांडूभाऊंनी तो चेहरा मोठा केला, साफ केला. नव्या संगणकात एक सोय आहे, एका बटणात माणसाला हसवता येतं. त्यांनी ते दाबलं. पारूबाई हसल्या आणि तोंडभर पांढरेशुभ्र दात दिसले.

"नको मामा," कृष्णा म्हणाला. "ही कोणाची आई हाय, काय माहीत."

सांडूभाऊंनी ते पुसलं. मिटल्या ओठांचाच फोटो छापला.

मित्रांनो, मी फार काही मागत नाही. तुमच्या घरातल्या संगणकात, तुमच्या आईच्या फोनमध्येही माझ्यासारखा एक गाभा आहे. तो थोडा वेळ बंद होऊ द्या म्हणाला, तर होऊ द्या. तेवढ्यात कोणाचं लग्न मोडत नाही. आणि जे आपल्याकडे एकच आहे, त्याची दुसरी प्रत ठेवा, रीत काही म्हणो. एवढं करूनही काही हरवलं, तर ज्याचं हरवलं त्याला त्याच दिवशी सांगा. तो चिडेल, पण पुन्हा स्टुलावर बसेल.

सांडूभाऊ अजून अधूनमधून मला खाली उतरवतात, धूळ झटकतात आणि गोकुळला फोन लावतात. किल्ली सापडली का कुठे? गोकुळ म्हणतो, "नाय दाजी." मला परत फळीवर ठेवतात. तो चेहरा माझ्यात आहे, जसाच्या तसा. फक्त तो मलाही दिसत नाही.

पारूबाई २०२३ साली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी सीताफळांची टोपली भरताना वारल्या.