चाळीस मिनिटांचा लॅपटॉप

त्या गुरुवारी आईने ऑफिसच्या वेळेत मला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मी मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये आले.

"निवू, तुझा पासवर्ड काय गं? लॅपटॉपवर दोन नावं येतात ना, एक माझं, एक तुझं. तुझं उघडायचंय."

"कशाला?"

"अगं, ती बॅटरी. चाळीस मिनिटांत लॅपटॉप मान टाकतो. गेल्या शनिवारी गोष्ट अर्ध्यावर, मुलं माझ्या तोंडाकडे बघतायत. तो ऋत्विक म्हणतो, टीचर, युवर लॅपटॉप इज ऑलवेज स्लीपी."

लॅपटॉप मूळचा माझा. सहा वर्षं वापरून मी तो तिला दिला होता. दर शनिवारी ती रिफा गावातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या व्हिलात, तिथल्या मजलिसमध्ये म्हणजे बैठकीच्या खोलीत, अकरा मुलांना मराठी शिकवायची. पडद्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगायची. भिंतीतले सगळे सॉकेट तिथल्या अवजड सोफ्यांमागे अडकलेले, त्यामुळे बॅटरीवरच भिस्त.

"आई, रात्री चार्जिंगला लावतेस तेव्हा भिंतीवरचा स्विच चालू असतो का?"

हा माझा ठरलेला प्रश्न. इस्त्री, मिक्सर, टीव्ही, घरातली प्रत्येक वस्तू आई भिंतीवरून बंद करायची. मिरजेची सवय चोवीस वर्षं बहारीनमध्ये राहूनही सुटली नव्हती. लॅपटॉपची वायर लावून ती स्विच बंद करून झोपत असणार, हे माझ्या दृष्टीने सिद्ध झालेलं होतं.

"चालू असतो. दिवा बघूनच झोपते. मी काय खुळी आहे का?"

"मग ब्राउझरमध्ये वीस खिडक्या उघड्या ठेवत असशील."

"एकच असते. आणि ऐक ना, झाकण मिटलं तरी तो गरम लागतो. पिशवीतून नेताना कुशीला चटका बसतो."

"बहारीन आहे, आई. इथे सगळंच गरम असतं."

ती हसली. "बरं, पासवर्ड?"

"वीकेंडला येते ना, तेव्हा बघते. तोवर तू काही करू नकोस, प्लीज."

"बरं बाई. साहेबांना सांग, म्हातारी त्रास देते."

शुक्रवारी सकाळी चहा गाळता गाळता ती स्वयंपाकघरात खाली बसली. बाबांनी मला फोन केला, अँब्युलन्स बोलावली. मी मनामातल्या माझ्या घरून सलमानिया हॉस्पिटलला पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

पाच आठवड्यांनी बाबांनी जाहीर केलं की वर्ग ते पुढे चालवणार. बाबा निवृत्त इंजिनियर. आयुष्यात त्यांनी कुणाला गोष्ट सांगितलेली नाही.

"चित्रं समोर असली की वाचून दाखवीन," ते म्हणाले. "तिचं वेगळं होतं. लॅपटॉप बंद पडला की ती तोंडाने पुढे सांगायची. मी काय सांगणार? दोन मुलांच्या आया म्हणतच होत्या, शनिवारी स्विमिंगला घालू का म्हणून. एकदा फज्जा उडाला की खलास. तू तेवढं ते चाळीस मिनिटांचं बघ."

पुढच्या शनिवारी वर्ग, आणि तो दीड तासाचा.

आई गेल्यापासून मी बाबांकडेच राहत होते. मी बघायला लागले. आईच्या नावाने लॅपटॉप उघडला. उजेड कमी केला, ब्लूटूथ बंद केलं, कीबोर्डखालचा दिवा बंद केला. ब्राउझरमध्ये खरोखर एकच खिडकी होती. चार्जर काढला आणि घड्याळ लावून बसले. बेचाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी अडतीस.

"रिस्टार्ट करून बघितलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"परत एकदा कर."

"बाबा, तीन वेळा केलंय."

"तुमच्या पिढीला धीर नाही," असं म्हणून ते गेले आणि दहा मिनिटांनी पुन्हा दारात येऊन उभे राहिले. "चाललं का?"

मला त्यांचा राग आला, लॅपटॉपचा आला, आणि खरं सांगायचं तर आईचाही आला. इतकी वर्षं चुकीचं चार्जिंग करून तिनेच बॅटरी मारली, हे माझं मत अजून बदललं नव्हतं. ती नसतानाही मी तिच्याशी तोच वाद घालत होते, आणि तो जिंकतही होते.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मनामातल्या बासितभाईंच्या दुकानात नवी बॅटरी घालायला गेले. बासितभाई रत्नागिरीकडचे. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा तर सुनंदाताईंचा."

"तुम्ही आईला ओळखता?"

"दोनदा येऊन गेल्या. बऱ्या आहेत ना?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाले, "मी त्यांना तेव्हाच सांगितलेलं, ताई. बॅटरी जुनी आहे, पण दुखणं तिचं नाही. टाकी बदलून काय होणार, नळ कुठे गळतोय तो बघा. आतमध्ये कायतरी सारखं चालू आहे. त्यांच्या नावाने उघडलं की मशीन मला आत जाऊ देत नाही, विचारतं दुसऱ्या नावाचा पासवर्ड. त्या म्हणाल्या, तो मुलीचा. विचारून सांगते."

"कधी आल्या होत्या?"

"शेवटच्या? ते... बुधवार असेल. म्हणाल्या, मुलगी कामात असते, उद्या फोन करून बघते."

मी त्यांच्याकडून नवी बॅटरी घालून घेतली. दुकानात आले होते ते त्यासाठीच, आणि दुसरं काय करावं ते मला सुचेना. घरी येऊन लावून पाहिलं. सत्तावन्न मिनिटं.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आईच्या टेबलाशी बसले आणि पहिल्यांदा माझ्या नावावर टिचकी मारली. पासवर्ड बोटांना आठवत होता. तीन वर्षांत मी तिथे गेले नव्हते. लॅपटॉप देताना मी घाईत आईसाठी एक नवं नाव तयार केलं होतं, तेही असं की तिला कशातच बदल करता येऊ नये. काहीतरी करून ठेवेल म्हणून. तिच्याच लॅपटॉपवर मी तिला पाहुणी करून ठेवलं होतं.

कोणता प्रोग्रॅम किती वीज खातो त्याची यादी उघडली. सगळ्यात वर माझ्या आधीच्या कंपनीचा बॅकअप प्रोग्रॅम होता. घरून काम करायचे तेव्हा मीच तो घातला होता. नोकरी सोडली, तो काढायचा राहिला. माझ्या जुन्या फायली तो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवू पाहायचा, सर्व्हर मला ओळखायचा नाही, आणि हा अर्ध्या मिनिटाने पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुणाच्याही नावाने उघडा, हा मागे चालूच. झाकण मिटलं तरी मशीनला झोपू द्यायचा नाही. म्हणूनच ते गरम राहायचं.

बॅटरीचा जुना अहवालही तिथेच काढता आला. लॅपटॉप प्रत्येक आठवड्यात किती तास बॅटरीवर आणि किती तास चार्जरवर चालला, त्याचा तक्ता. आईच्या शेवटच्या कित्येक आठवड्यांत चार्जरच्या रकान्यात रात्रीच्या रात्री जमा होत्या. एकही आठवडा कोरा नव्हता.

प्रोग्रॅम काढून टाकायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "खात्री आहे का?" असं त्याने विचारलं, मी हो म्हटलं.

मग चार्जर काढला आणि बसून राहिले. पंखा आधी मंदावला, मग थांबला. चाळीस मिनिटं झाली, तासही झाला. आईची चित्रं एकेक करून पुढे सरकवत राहिले. प्रत्येक चित्राखाली मोठ्या अक्षरात एक ओळ, कठीण शब्दांखाली लाल रेघ. पावणेदोन तासांनी कोपऱ्यात अजून एकोणसाठ टक्के दिसत होते.

"चाललं का?" बाहेरच्या खोलीतून बाबा.

"चाललं."

"काय होतं?"

मी लॅपटॉप मिटून बाहेर गेले. बाबा उद्याच्या वर्गासाठी पेन्सिलींना टोक काढत बसले होते.

"प्रोग्रॅम होता एक. जुना."

"म्हणजे तिच्या हातून काही..." ते टोक काढायचे थांबले. "मीसुद्धा तिला म्हणायचो, स्विच बघत जा."

"नाही." मी त्यांच्यासमोर बसले. "स्विच चालूच असायचा. तिने शोधून काढलं होतं, बाबा. दोनदा मनामाला गेली होती ती. शेवटी तिला फक्त माझा पासवर्ड हवा होता. त्या गुरुवारी मागितलाही. मी दिला नाही. मीटिंग वगैरे काही महत्त्वाची नव्हती. मला तिचं ऐकायचा कंटाळा आला होता. चूक माझी होती, आणि मी तीन वर्षं तिलाच सांगत होते की तिची आहे."