न फुटलेली लाख

कुणाला मोडी वाचून हवी असेल, तर तो शशिधर हिरेमठांचं घर शोधत येतो. रणधीरराव आले आणि त्यांनी चौदा जुने लखोटे टेबलावर टाकले. त्यांचे पणजोबा एका चिमुकल्या संस्थानाचे राजे. त्यांचा पुतळा बसवायचा होता.

"इंग्रजांना दम भरलेलं एखादं वाक्य काढा की. चौथऱ्यावर कोरायचं हाय."

शशिधरांनी लखोटे उलटेपालटे केले. एकाचीही लाख फुटलेली नव्हती. प्रत्येकावर पेन्सिलीनं इंग्रजी शेरा होता : 'मुलाला देऊ नये. घरच्या आठवणीनं रडतो.'

"आजोबांना आठव्या वर्षीच साहेबानं लांबच्या शाळेत नेलतं," रणधीरराव म्हणाले.

शशिधरांनी पहिली मोहोर तोडली आणि मोठ्यानं वाचलं : 'बाळ, साहेबांकडे तीनदा अर्ज केला. तुला भेटायची परवानगी नाही. मोडी विसरू नकोस. एक ओळ तरी लिही.'

तेरा पत्रांत हेच. चौदाव्यात मोडी नव्हतीच. पोरगं ती विसरलं असणार, या धास्तीनं राजानं पन्नाशीत इंग्रजी गिरवलं होतं. वेडेवाकडे तीनच शब्द : 'कम होम, सन.'

"ह्यात दम कुठं हाय?"

"न्हाय सरकार," शशिधर खेकसले. "नुसता बाप हाय."

रणधीररावांनी खिशातून मोबाईल काढला आणि चौदाव्या पत्राचा फोटो घेतला.

"लंडनला लेकाला पाठवतो. चौदांतलं एवढंच त्याला वाचता येईल."