दोन भावांची चंची

सिद्रामच्या गालातली गाठ काढली, तेव्हापासून त्याची बायको गुणाबाई धाकट्या दिरावर, भावकूवर, संशय धरून होती. भावकू आणि सिद्राम, सख्खे भाऊ. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात एकादशीचं कीर्तन असलं की दोघं बुवांच्या मागं टाळ धरून उभे राहायचे. त्याआधी भावकूची चंची निघायची. तीच तंबाखू, तीच सुपारी, तोच चुना दोघांच्या तोंडात. मग कॅन्सर एकट्या सिद्रामलाच कसा?

"शेताच्या वाटणीचं बोलणं निघालं आणि वर्षात हे झालं," शेजारची अंबुबाई म्हणायची. "चुन्यात कुणी काय कालवलंय, कुणाला दिसतंय गं?"

गुणाबाई मग बारकाईनं बघू लागली. भावकू हल्ली तिच्या घरी जेवत नव्हता. आमटीचं ताट तसंच सरकवायचा. कीर्तनात बुवांनी नामघोष धरला, देऊळ दणाणलं, तरी हा टाळ वाजवतोय आणि ओठ मिटलेले! एवढा पहाडी आवाजाचा माणूस.

"पाप असलं की नाव तोंडात येत न्हाय," अंबुबाई म्हणाली. ते गुणाबाईला पटलं.

बेळगावला तपासणीच्या दिवशी भावकूच दोघांना घेऊन गेला. सिद्राम बाहेर बाकावर बसला. गुणाबाईनं दिराच्या पिशवीतून गुपचूप काढलेली चंची डॉक्टर माधवींच्या टेबलावर ठेवली.

"बाई, ह्यात विष हाय का बघा."

डॉक्टरांनी चंची उघडून वास घेतला. "आहे की. तंबाखू आणि सुपारी. आणखी वेगळं कशाला पाहिजे?"

"मग ह्यो बरा कसा?" तिनं दारात उभ्या भावकूकडं बोट केलं.

"ते विष बाहेर टाकायची ताकद प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून कमी-जास्त असते, आक्का. सख्ख्या भावांतसुद्धा. आईबापांकडून दोघांना सगळं सारखं येत नाही."

"म्हंजे वाटणी आईच्या पोटातच झाली म्हणायची," गुणाबाई म्हणाली.

"तसंच. पण कुणाच्या वाट्याला काय आलंय, ते आधी नेमकं सांगता येत नाही. मला काही होणार नाही, असं कुणी समजू नये."

भावकू हसला. हसू अर्ध्यातच अडकलं, तोंड पुरतं उघडेना. डॉक्टर उठल्याच. "काका, आ करा. तीन बोटं उभी घाला बघू."

दोनसुद्धा जाईनात.

"तिखट झोंबतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. गुणाबाईला ते सरकवलेलं ताट आठवलं. मिटलेले ओठही.

"कवापासनं, भावजी?"

"पाडव्यापासनं. अण्णाचं हे चाललेलं. त्यात माझं कुठं सांगू?"

"गाठ अजून दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण वाट तिकडचीच. एक तुकडा काढून तपासूया. आणि आजपासून हे बंद."

गुणाबाईचा पदर तोंडाशी गेला. "चंची मी चोरली. मला वाटलं, तुम्हीच..."

"ठाऊक हाय, वैनी. ताट ठेवताना तुमचा हात सांगत हुता."

त्यानं सवयीनं चंचीकडं हात नेला. तिनं ती आधीच उचलली होती.

"ही आता मिळायची न्हाय. बसा." मग ती दारातून बाहेर बाकाकडं वळून म्हणाली, "अवो, जरा आत या. धाकट्याजवळ बसा. मी भावजींच्या नावाचा केसपेपर काढून आणते."