जोडाच्या आतलं

धाकटीला खरं तर रक्त तपासायला शिकायचं होतं. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, रुग्णालयात कायमची नोकरी, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. उपयोजित विज्ञानाच्या पदवीचं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच होतं. दुसऱ्या वर्षापासून वाटा फुटायच्या: रुग्णालयाची प्रयोगशाळा, अन्नाची गुणवत्ता, पाणी आणि सांडपाणी, आणि धातूंची तपासणी. पहिल्या वाटेवर सगळ्यांच्या उड्या पडल्या आणि धाकटीचे दोन गुण कमी पडले. जिथं जागा रिकाम्या होत्या तिथं तिचं नाव लागलं. धातूंची तपासणी. वर्गात सगळे मिळून सहा जण.

घरी तिनं जेवताना सांगून टाकलं.

"म्हणजे लोखंडाची डॉक्टर," आई म्हणाली. "बरं आहे की. लोखंड रडत नाही."

वडील भाकरी मोडत राहिले. त्यांनी चौतीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. वाफेच्या नळ्या, टाक्या, जिने, पुलांचे कठडे. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा काढण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि ते घरी बसले. आता वर्तमानपत्रातला मोठा मथळासुद्धा ते नाकाला लावून वाचायचे. ताट सरकवून ते म्हणाले, "जोड करणारा एक, नाक मुरडणारे दहा. त्या दहांत आता आमच्याच घरातली एक."

चेष्टेत म्हणाले, पण धाकटीला ते लागलं.

पहिले दोन महिने ती नुसती हजेरी लावत होती. प्रयोगशाळा तळघरात होती. एका कोपऱ्यात कापायचं यंत्र, त्यावर दुधाळ पाण्याची धार सतत सुटलेली. भिंतीकडेनं घासायच्या चकत्या. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या, आवाज खणखणीत, बोटांची टोकं कायम काळी. त्या फार बोलायच्या नाहीत. लोखंडाचा एकेक तुकडा हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आरसा करून आणा."

आरसा करायचा म्हणजे तुकडा काळ्या राळेच्या बिल्ल्यात बसवायचा आणि घासत सुटायचं. आधी खरखरीत कागद, मग त्याहून बारीक, मग त्याहून. दर वेळी तुकडा काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. शेवटी मखमलीसारख्या कापडावर हिऱ्याची पेस्ट. एक ओरखडा राहिला तरी मॅडम तुकडा परत करायच्या. धाकटीचा पहिला तुकडा पाच वेळा परत आला. तिच्या नाकी नऊ आले.

सहाव्यांदा मॅडमनी तो उजेडात तिरका धरला, मान हलवली आणि पातळ आम्लात काही क्षण बुडवला. चकाकी गेली, वर धुकं आल्यासारखं झालं. धुऊन, वाळवून तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि स्वतः बाजूला झाल्या.

लोखंड म्हणजे एकसंध, मुकं, आतून बाहेरून एकच, असं धाकटीला आजवर वाटत होतं. भिंगाखाली दाणेच दाणे होते. पांढरे दाणे, त्यांच्यामधे काळसर दाणे, प्रत्येकाला स्वतःची कड, शेजाऱ्याला घट्ट चिकटलेला. तिनं भिंग बदललं. काळसर दाण्याच्या आत रेघा होत्या, बोटाच्या ठशासारख्या, एकाआड एक, मोजता येणार नाहीत इतक्या. हा तुकडा दाराच्या कडीतून कापलेला होता. अशी कडी रोज हजारो हातांनी ओढली जाते.

"हे सगळ्यात असतं?" तिनं विचारलं.

"सगळ्यात," मॅडम म्हणाल्या. "विळीत, सायकलीत, तुमच्या बाकाच्या पायात. आपण फक्त दार उघडतो."

त्या दिवशी ती बसमधून घरी आली ती खिडकीची दांडी धरून, आणि दांडीकडेच बघत. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, काही लागलंय का.

रक्त तपासायचं तिच्या डोक्यातून कधी गेलं ते तिलाही कळलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता: बरीच वर्षं वापरात राहिलेला एक जोड मिळवायचा, तो न कापता तपासायचा, मग कापून तपासायचा, आणि तो इतका का टिकला किंवा का नाही टिकला ते लिहायचं. धाकटी वडिलांकडे गेली.

"तुम्ही केलेला एखादा जुना जोड मिळेल?"

"केलेला जोड कापायचा नसतो."

"शितावरून भाताची परीक्षा, बाबा. एवढासा तुकडा."

"भात शिजवणाऱ्याला विचारून घ्यावी परीक्षा," ते म्हणाले आणि गच्चीवर निघून गेले.

आईनं मधे पडायचं टाळलं. पण चार दिवसांनी सकाळी वडील शर्ट घालून, काठी घेऊन दारात उभे. "चल," म्हणाले. "मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर पाडतायत. तिथली वाफेची मुख्य नळी माझी आहे."

नळी खरोखरच मोडीच्या ढिगात पडलेली होती. तिथल्या देखरेख करणाऱ्यानं महाविद्यालयाचं पत्र वाचलं आणि हवं ते न्या म्हणाला. ढिगात सारख्याच दिसणाऱ्या अकरा नळ्या होत्या. वडिलांनी खाली बसून एकेकीवरून अंगठा फिरवला. सातवीवर थांबले.

"ही. सव्वीस वर्षं झाली."

"ओळखलीत कशी?"

"तू तुझं अक्षर ओळखतेस तशी."

नळी प्रयोगशाळेत आली. कापायच्या आधी धाकटीनं जोडाचे पूर्ण गोल फिरून एक्स-रे काढले. उजेडाच्या पेटीवर फिल्म लावल्या तेव्हा बाकीचे पाच जण आपापली कामं टाकून आले. जोडाचा पट्टा पहिल्या फिल्मपासून शेवटपर्यंत सारख्या रुंदीचा, सारखा स्वच्छ. हातानं, आडवं पडून, मुखवट्याच्या काळ्या काचेतून बघत केलेलं काम, आणि पट्टी लावून आखल्यासारखं. एकानं तोंडात बोट घातलं. फक्त चौथ्या फिल्मवर, नळीच्या खालच्या अंगाला, एक काळा ठिपका होता. मोहरीहूनही बारीक. त्याच्या शेजारी आणखी एक, जेमतेम दिसणारा.

धाकटीनं ती फिल्म पेटीवरून आधी उतरवली.

तिनं दोन तुकडे कापले. एक स्वच्छ भागातला, एक ठिपक्याच्या जागेचा. दोन्ही घासायला तिला आठवडा लागला. स्वच्छ तुकडा भिंगाखाली आला तेव्हा ती किती वेळ खुर्चीतून उठली नाही ते मॅडमनीच नंतर सांगितलं. वितळलेलं लोखंड दोन्ही काठांकडून थंड होत आत आलं होतं. त्याचे लांबोळके दाणे दोन्ही बाजूंनी मध्याकडे झेपावलेले होते, आणि मधोमध अशा रेषेत भेटलेले की ती रेषाही शोधावी लागावी. वरच्या थरात असे लांब दाणे. खाली, जिथं एका थरावर दुसरा थर चढला होता, तिथं मात्र ते मोडून बारीक, गोल, एकसारखे झालेले. एका माणसाचा हात सव्वीस वर्षांपूर्वी ज्या वेगानं पुढे सरकला होता, तो वेग तिथं लिहून ठेवलेला होता. आणि हा माणूस रात्री खोकला की ती भिंतीपलीकडून ऐकायची.

"त्यांना बोलवा," मॅडम म्हणाल्या.

"बाबांना? ते म्हणतील, चुका दाखवायला बोलावलं."

"मग चुकाही दाखवा."

वडील आले. इस्त्रीचा शर्ट, पायांत ठेवणीतल्या चपला. तळघराचा जिना उतरताना त्यांनी कठड्याच्या जोडाला बोट लावलं आणि "कच्चा आहे," असं स्वतःशीच म्हणाले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, सूक्ष्मदर्शकाचं चित्र समोरच्या मोठ्या पडद्यावर घेतलं. ज्यांना मथळा नाकाला लावून वाचावा लागायचा त्यांच्यासमोर एकेक दाणा तळहाताएवढा झाला.

ते पुढे वाकले. काठी खाली पडली, ती कुणी उचलली हे त्यांना कळलं नाही.

"हे काय आहे?"

"तुमचा जोड," धाकटी म्हणाली. "आतून."

धाकटीनं तुकडा हळूहळू सरकवला, पडद्यावरून दाण्यांची रांग वाहत गेली. मग ती बारीक दाण्यांपाशी थांबली आणि समजावू लागली, की वरचा थर चढवताना त्याच्या उष्णतेनं खालच्या थराचे दाणे नव्यानं घडले, लहान झाले, म्हणून जोड इतका चिवट.

"सावकाश गेलं तरच," वडील म्हणाले.

"हो. फार घाई केली असती तर असं झालं नसतं. फार रेंगाळला असतात तरी नाही."

"माझे वस्ताद सांगायचे, खालचा थर वरच्यानं भाजून निघू दे, पळू नको. का, ते त्यांना सांगता यायचं नाही. त्यांच्या वस्तादांनी सांगितलं म्हणून." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे असं आत होतं होय. आम्ही आपले आंधळ्यासारखे बरोबर करत होतो."

धाकटीनं तुकडा आणखी थोडा सरकवला.

"आता खालच्या अंगाचा दाखव," वडील म्हणाले.

धाकटीनं मॅडमकडे बघितलं.

"घेतला असशील तू. खालचा. भिंतीच्या बाजूचा."

तिनं दुसरा तुकडा ठेवला. पडद्यावर दाणे आले आणि मधे एक गोल, काळी, रिकामी जागा.

वडिलांनी ती बघितली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "वेल्डिंगचा रॉड दमट होता, ओलीचा बुडबुडा आत अडकला," ते म्हणाले. "शेवटून दुसरा. त्या दिवशी धुलाईघर बंद, वर वॉर्डांत चादरी नाहीत, शस्त्रक्रियेचे कपडे नाहीत. दुपारी तीनच्या आत वाफ सोडायची होती. चांगला रॉड एकसारखा चुरचुरतो, तव्यावरच्या तेलासारखा. हा तडतडला. दोनदा. मी थांबलो. तेवढं घासून काढून परत भरायला हवं होतं, पण भिंत आडवी, घासायचं यंत्र तिथं पोचेना. फोरमन म्हणाला, चालवून घ्या. मी चालवून घेतलं."

"दोनदा?" मॅडमनी विचारलं.

"दोनदा."

मॅडमनी चौथी फिल्म आणून उजेडाच्या पेटीवर लावली आणि वडिलांच्या हातात भिंग दिलं. एक ठिपका, त्याच्या शेजारी जेमतेम दिसणारा दुसरा.

लाखमोलाचं यंत्र, काळोखी खोली, मोठमोठी पुस्तकं, एवढं सगळं करून धाकटीला जे कळलं, ते या माणसाला नुसत्या कानानं त्याच क्षणी कळलं होतं. आणि त्यानं ते सव्वीस वर्षं जपून ठेवलं होतं.

"दर वर्षी जायचो," वडील म्हणाले. "ओळखीचा होता तिथं, त्याला भेटायचं निमित्त. नळीपाशी उभा राहायचो. कुठं फुसफुसतंय का ऐकायचो. तुझी आई म्हणायची, तुमचं तिथं काय पुरलंय. काय सांगणार? वर माणसं झोपलेली. खाली माझं भोक."

मॅडमनी पडद्यावर त्या काळ्या गोलाला आडवी रेघ मारून माप घेतलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढून त्यातलं कोष्टक वडिलांसमोर धरलं. त्यांना ते दिसत नव्हतं, तरी धरलं. "या जाडीच्या नळीला याच्या चौपट मोठं भोक चालतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही चालत होतं. हा जोड मी तेव्हा तपासला असता तर सही करून दिली असती."

"परत वाचा," वडील म्हणाले.

त्यांनी परत वाचलं.

वडिलांनी पाणी मागितलं, पूर्ण पेला प्यायले, आणि मग शाळेतल्या मुलासारखं विचारलं, "तो आधीचा परत बघता येईल का? चांगला?"

ते दीड तास बसले होते. बाकीच्या पाच जणांनी आपापले तुकडे आणून दाखवले. पडद्यावर बघून वडील सांगायचे, हा घाईत केलाय, याचा हात दमला होता, हा उजवीकडून डावीकडे गेलाय. चारदा बरोबर आलं, एकदा चुकलं. चुकलं तेव्हा ते खूश झाले आणि का चुकलं ते त्यांनी समजावून घेतलं.

धाकटी पहिल्या वर्गात पास झाली. दाबाच्या नळ्या आणि टाक्या तपासणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. वडिलांचा दुसरा डोळा तसाच राहिला, पण महिन्यातून एकदा मॅडम नव्या वर्गासाठी त्यांना बोलावून घेतात. ते रॉड पेटवायला लावतात आणि मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगतात.

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात धाकटीला एका दूध कारखान्यात पाठवलं. नव्या नळीला बावीस जोड होते आणि ते करणारा वेल्डर, पन्नाशीचा, हातांची घडी घालून तिच्याकडे रोखून बघत उभा होता. तिनं यंत्राची पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही.

"काका," ती म्हणाली, "यातला तुम्हाला कुठला खटकतोय?"

त्यानं हातांची घडी सोडली, डोक्यावर सरकवलेला मुखवटा काढून बाजूला ठेवला आणि तिला चौदाव्या जोडाकडे घेऊन गेला.