डावं इंजिन बाबांचं, उजवं काकांचं

विकायला काढलेली बोट निदान एकाच घरातली वाटावी. आमची वाटत नव्हती. डावी बाजू बाबांनी रंगवलेली, पांढरीशुभ्र. उजवी काकांनी, तीपण पांढरीच, पण सायीसारखी पिवळट. दोघांनी एकमेकांना न विचारता डबे आणले आणि एकमेकांकडे पाठ करून रंगवत बसले. मी दलालाला दोन बाजूंचे दोन फोटो पाठवले तर त्याचा फोन आला, "अगं, यातला कुठला फोटो तुमच्या बोटीचा आहे?"

"दोन्ही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

कॅटमरान म्हणजे दोन अरुंद लांबलचक होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि वर एक खोली टाकून जोडायच्या. दोन्हीकडे झोपायच्या खोल्या, दोन्हीकडे एकेक इंजिन, मध्ये स्वयंपाकघर. ज्याने हे डोकं लढवलं त्याला सख्खा भाऊ नसणार. आमच्याकडे डावीकडे बाबा आणि मी, उजवीकडे काका. मधल्या खोलीत चहा करायचा तर आधी कानोसा घ्यायचा, पलीकडचा माणूस तिथे आहे का. एक ओटा, दोन चहाच्या पातेल्या.

भांडण कशावरून? लांबच्या सफरीला निघालो होतो. समुद्राच्या मधोमध काका म्हणाले वादळ येतंय, मागे फिरू. फिरलो. वादळ आलंच नाही. बाबा काकांना भित्रा म्हणाले. काका म्हणाले, तुझं इंजिन धड असतं तर मी कशाला घाबरलो असतो. बस. तेव्हापासून दोन वर्षं, "सांग तुझ्या काकाला" आणि "सांग तुझ्या बापाला". बाप इथे, काका तिथे, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, आणि मध्ये मी. पाण्याची टाकी संपली, सांग. नांगर घसरतोय, सांग. आईने वैतागून जमिनीवर मावशीकडे बिऱ्हाड हलवलं. मला म्हणाली चल. बाबा म्हणाले, "बोट विकेपर्यंत थांब. मग तू मोकळी." शाळा मी नववीतच सोडली होती, त्यामुळे मला निघायला तेही निमित्त नव्हतं.

मला बंदरातल्या शिडंवालीकडे कामाला जायचं होतं. ती फाटकी शिडं शिवते, नवी कापते, आणि गिऱ्हाइकांना तोंडावर शिव्या घालते. माझी शिलाई बघून म्हणाली होती, "बरी आहे. वरच्या माळ्यावर झोपायला जागा आहे. सोमवारी नाही आलीस तर दुसरी बघते. रांग आहे." रांगबिंग काही नव्हती, पण ती दुसरी बघणार हे खरं होतं.

म्हणून त्या शनिवारी बोट विकली जायलाच हवी होती.

दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. नवरा दाढीवाला, नवे कोरे बूट घालून आलेला. बायको बारीक, गप्प, पण कपाटं उघडून आत नाक खुपसणारी. मला ती आवडली नाही, पण पटली.

"ही कोण?" दाढीवाल्याने विचारलं.

"आमची मुलगी," बाबा म्हणाले.

"पुतणी," काका पलीकडून म्हणाले, जणू कोणी त्यांचा हिस्सा ढापत होतं.

"शाळेत जात नाहीस?" बायको.

"तुम्ही बोट बघायला आलात ना?"

दलालाने घाईघाईने खोकला काढला.

बाबांनी डावी बाजू दाखवली. काकांनी उजवी. एकच बोट दोनदा. बाबा सांगत, "या इंजिनचं तेल मी स्वतः बदलतो, काही लोकांसारखं नाही." उजवीकडे काका म्हणत, "इथे थेंबभर पाणी झिरपत नाही. बाकी कुठे झिरपत असेल तर मला माहीत नाही." दाढीवाला मान हलवत होता. बायको मधल्या खोलीत दोन पातेल्यांकडे बघत उभी होती.

"किती जण राहता?"

"तिघं," मी म्हणाले. "पण दोन घरं."

मग ते वर आले आणि दाढीवाल्याला लिव्हर दिसले. इंजिन पुढे-मागे करायचे ते दांडे. सगळ्या बोटींवर ते चाकाशेजारी जोडीने असतात. आमचेपण होते. भांडणानंतर काकांनी एका दुपारी आपला दांडा उचकटून उजव्या कठड्याला नेऊन बसवला. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपला डाव्या कठड्याला. चाक तेवढं मध्ये राहिलं. त्यावर मी.

"हे असं का?"

"सोय," बाबा म्हणाले.

"सोय," काकापण म्हणाले, आणि दोघांनाही राग आला की दुसऱ्याने तोच शब्द वापरला.

"चला, एक फेरी मारून बघू," दलाल म्हणाला. माणूस घामाने भिजला होता.

बाहेर जाताना ठीक गेलं. वारा मागून होता, मोकळं पाणी होतं. शीड लावलं तेव्हा बोट जी निघाली ती बघून दाढीवाला लहान मुलासारखा हसला. बायकोने पहिल्यांदा विचारलं, "कोणत्या ऋतूत घेऊन जायची?" दलालाने मला डोळा मारला.  मनात म्हटलं, झालं. सोमवारी मी माळ्यावर.

घाण झाली ती परत येताना. बंदराचं तोंड चिंचोळं. डावीकडे मच्छीमार बोटी एकीला एक खेटून, उजवीकडे दगडी धक्का. मध्ये आमची धिप्पाड बया. आता या बोटीचं असं आहे, की डावं इंजिन जोरात लावलं की तोंड उजवीकडे वळतं. उजवं लावलं की डावीकडे. बाबा डाव्या कठड्याला, त्यांना फक्त मच्छीमार बोटी दिसत होत्या. जवळ येतायत म्हणून त्यांनी आपलं इंजिन पुढे रेटलं, तोंड उजवीकडे व्हावं म्हणून. काका उजव्या कठड्याला, त्यांना फक्त दगड दिसत होते. त्यांनी आपलं इंजिन पुढे रेटलं, तोंड डावीकडे व्हावं म्हणून.

"सांग तुझ्या काकाला, कमी करायला!"

"सांग तुझ्या बापाला, मस्ती करू नकोस म्हणावं!"

दोघांनी आणखी रेटलं. डावीकडे वळली नाही, उजवीकडे वळली नाही, बोट तीरासारखी सरळ निघाली. समोर डिझेल भरायचा धक्का. धक्क्यावर एक माणूस डबा घेऊन उभा होता, तो डबा टाकून पळाला. समोर मी सोडून कोणी बघतच नव्हतं. दाढीवाला खांबाला मिठी मारून बसला.

"बाबा, मागे!" मी ओरडले. "काका, मागे!"

"त्याला सांग आधी..."

"मागे घे म्हणते ना! तू पण! दोघं मागे घ्या, नाहीतर चाक सोडून उडी मारते मी!"

बाबांना मी जन्मात एकेरीत बोलले नव्हते. काकांना तर नाहीच. दोघांनी असं दचकून बघितलं की हात आपोआप मागे आले. दोन्ही इंजिनं गुरगुरली, मागचं पाणी उकळल्यासारखं झालं आणि बोट धक्क्यापासून माझ्या उंचीएवढ्या अंतरावर थांबली.

मग मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "काका, पुढे. थोडं. बास. बाबा, मागे. अजून. बास म्हटलं ना, बास!" दोन दांडे आणि दोन म्हातारे होत चाललेले हात. बोट जागच्या जागी गर्रकन वळली आणि आमच्या धक्क्याला अंडं ठेवावं तशी टेकली. मी उडी मारून दोर बांधले, परत वर आले. आणि भांडायच्या पवित्र्यात उभी राहिले.

दाढीवाला रडकुंडीला येईल असं वाटलं होतं. तो नव्हता आला. तो माझ्याकडे बघत होता. बायकोने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग मोठ्याने म्हणाली, "बोट आम्हाला पसंत आहे. पण आम्ही नवखे. ही मुलगी वर्षभर आमच्याबरोबर बोटीवर राहिली, तर आजच पक्कं करू."

"राहील," बाबा म्हणाले.

"राहील की," काका म्हणाले. "तिला दुसरं काय काम आहे?"

"दादा बरोबर बोलतोय," बाबा म्हणाले.

दादा. थोरल्या भावासाठी दोन वर्षं जो शब्द तोंडातून निघाला नाही तो मला देऊन टाकताना सहज निघाला. काकांनी मानपण हलवली. सख्खे भाऊ शोभत होते.

"मला विचारलंत?"

"अगं, जग बघशील," दलाल म्हणाला.

"तुम्ही बघा. जा तुम्ही, भांडी घासा यांची."

"तोंड सांभाळ," बाबा. "मीच म्हणालो होतो ना, बोट विकली की मोकळी? मग विकू दे की. एक वर्ष कुठे जातंय?"

"म्हणजे बोट विकली जावी म्हणून मला द्यायचं, आणि बोट विकली की मी मोकळी?"

बायको म्हणाली, "आम्हाला वाटलं तुला आवडेल."

"वाटलं तर मला विचारायचं होतं. यांना काय विचारता?" मग मी दाढीवाल्याकडे वळले. "बोट चांगली आहे. खोटं नाही सांगत. दोन्ही लिव्हर चाकाजवळ परत बसवा, एकटा माणूस चालवतो. तुमची बायको चालवेल. मी बोटीला लागत नाही. मी या दोघांना लागते."

"मग हे लिव्हर अजून बसवले का नाहीत?"

 सगळे बाबांकडे आणि काकांकडे बघायला लागले. ते दोघं आपल्या पायांकडे.

मी खाली जाऊन पिशवी भरली. कपडे, सुयांचा डबा, टॉर्च. वर यायला लागले तर बाबा दारात आडवे.

"संध्याकाळी बोट परत नांगरावर न्यायची आहे. चाक कोण धरणार?"

"दोघं आहात."

"नाटकं बास. आज हे गिऱ्हाईक गेलं तर दुसरं कधी येईल माहीत आहे?"

"माझी जागा पण सोमवारी जाईल."

"सांग तुझ्या काकाला..." ते म्हणाले, आणि त्यांनाच कळलं काय म्हणतोय ते.

"काका तुमच्या मागे उभे आहेत," मी म्हणाले. "बाजूला व्हा."

झाले नाहीत. मी पिशवी आडवी धरून त्यांच्या बगलेतून निघाले. दाढीवाल्याने नवे बूट मागे घेऊन वाट दिली. धक्क्यावर उतरल्यावर मागून काकांचा आवाज आला, "काय म्हणत होतास मला?" आणि बाबांचा, चिडलेला, "काही नाही. दोर सैल झालाय तुझ्याकडचा." मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोर घट्ट करायला गेले असते.

शिडंवालीच्या दुकानात जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक शीड पसरलेलं होतं आणि ती मध्ये बसून टाके उसवत होती.

"सोमवारी ये म्हटलं होतं."

"आज आले."

"बोट विकली?"

"माहीत नाही. बोलतायत."

"कोण कोणाशी?"

"तेच ठरतंय."

तिने चष्म्यावरून माझी पिशवी बघितली, मग माझे पाय. "चपला बाहेर. आणि शिडावर पाय दिलास तर तंगडं तोडीन."

मी चपला काढल्या आणि भिंतीला पाठ घासत कडेकडेने आत गेले.