देव पाण्यात, नात आकाशात

प्रिय व्यक्तीचे क्षेम इच्छिणे आणि तिने आपल्यापासून दूर जाऊ नये असे इच्छिणे, या दोन इच्छा एकाच हृदयात इतक्या जवळ वसतात की, यातली आपली प्रार्थना कोणती, हे प्रार्थना करणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही. मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे ताम्हन आहे. माझ्या मालकीणबाईंना हा भेद उमगला, त्या दिवसांचे मी साक्षीदार आहे.

कोल्हापुरातल्या एका तांबटाने हातोडीच्या ठोक्यांनी मला आकार दिला. विमलाबाई लग्न होऊन या घरी आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही आले. हुपरीला घडलेला चांदीचा बाळकृष्ण रोज सकाळी माझ्या कुशीत स्नान करी. चिंचेने घासले की मी असे उजळे की पाहुणे थांबून पाहत. पुढे स्टीलची हलकी थाळी आली, आणि मी फडताळात काळवंडून पडून राहिले.

एके दिवशी विमलाबाईंनी मला घाईघाईने बाहेर काढले. त्यांची नात मैथिली, जिला त्यांनीच लहानाचे मोठे केले होते, ती तीन सोबत्यांसह अग्निबाणातून अंतराळ स्थानकाकडे निघणार होती. तिचे आईवडील तिला निरोप द्यायला दूर परदेशी, समुद्रकाठच्या उड्डाणतळावर गेले होते. मनातली इच्छा पुरी होईपर्यंत देवाला पाण्यात बसवून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. विमलाबाईंनी मला काठोकाठ भरले, बाळकृष्णाला आत बसवले आणि डोळे मिटून काही मागितले. मला घासायचेही त्यांना सुचले नाही.

त्या दुपारी घर दूरचित्रवाणीसमोर बसले, आणि उड्डाण पुढे ढकलले गेले. तिथल्या समुद्रावर विजांचे ढग दाटले होते. नवा दिवस ठरला. त्या दिवशीही तेच ढग.

गडमुडशिंगीहून दूध घालायला येणारा गुंडू दारातच हसला. "काकू, ह्यो पाऊस तुम्हीच पाडलासा की! आमच्याकडं पाऊस पडावा म्हणून म्हादेवाची पिंड पाण्यात बुडवत्यात. तुम्ही तर किसनालाच बुडवून बसलाय!"

"गुंडू, दूध घाल आणि नीघ," विमलाबाई म्हणाल्या. पण दुधाचे पातेले तसेच ओट्यावर ठेवून त्या आत वळल्या.

त्यांचे पती नृसिंहशास्त्री संस्कृतचे निवृत्त अध्यापक. त्यांच्याजवळ जाऊन विमलाबाईंनी विचारले, "अहो, खरंच माझ्यामुळे अडलं असेल का हो?"

"मेघ काही तुझ्या ताम्हनाला विचारून जमत नाहीत," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण देवाजवळ तू मागितलंस काय, ते सांग."

विमलाबाईंनी माझ्यातल्या पाण्याकडे पाहिले. "ती जाऊ नये," त्या म्हणाल्या. "एवढंच मागितलं."

संध्याकाळी मैथिलीचा फोन आला. आजार लागू नये म्हणून त्या चौघांना इतरांपासून वेगळे ठेवले होते. विमलाबाईंनी तिलाही सारे सांगून टाकले. पलीकडून हसू ऐकू आले.

"अगं आजी, आधी त्या बिचाऱ्याला बाहेर काढ! सर्दी होईल त्याला." मग तिचा आवाज हळू झाला. "रंकाळ्यावर सायकल शिकवताना तू मला न सांगता हात सोडला होतास. या वेळी सांगून सोड. मला तेवढंच हवंय."

"भीती वाटते गं."

"मलाही वाटते. तरी जायचंय."

विमलाबाईंनी पदराने डोळे टिपले. "सोडला गं बाळ. बघ, सोडला."

त्यांनी बाळकृष्णाला बाहेर काढून मऊ वस्त्राने पुसले, देव्हाऱ्यात बसवले, पाणी तुळशीला घातले. आणि मग चिंच घेऊन मला घासू लागल्या.

ढग आपल्या वेळेनेच पांगले. उड्डाणाच्या दिवशी मी विमलाबाईंच्या मांडीवर रिकामेच होते. गुंडू किटली घेऊन दारात थबकला.

"काकू, आपली मैथिली कुठं बसलीया?"

"अगदी वर, टोकाला."

"आन् खाली काय हाय?"

"आग."

गुंडूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पडद्यावर ज्वाला उसळली आणि तो शुभ्र अग्निबाण सावकाश, जणू जमिनीचा निरोप घेत, वर चढू लागला. तिकडे धरणी हादरत असेल. इकडे मी हादरत होते, कारण मला धरलेले हात कापत होते. पण त्या हातांनी मला धरले होते, तिला नाही.

थोड्या वेळाने पडद्यावर, यानात बसलेल्या मैथिलीसमोर दोऱ्याला बांधलेले एक इवलेसे बाहुले तरंगताना दिसले; यान अवकाशात पोचल्याची, वजन हरपल्याची ती खूण.

"पोचली व्हय?" गुंडूने विचारले.

"अजून नाही रे. स्थानक उद्या."

दुसऱ्या दिवशी स्थानकाचे दार उघडले. मैथिली तरंगत आत गेली आणि आतल्या मंडळींनी तिला मिठीत घेतले. देव देव्हाऱ्यात कोरडा होता. तरीही विमलाबाईंच्या मांडीवर माझ्यात पाण्याचे थेंब पडले.

आता मी पुन्हा रोजच्या पूजेत आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्या तांब्याला अधूनमधून चिंच लावत जा. जपलेली वस्तू वेळेला उपयोगी पडते. माणूस मात्र मुठीत धरून जपता येत नाही.

वर गेलेल्यांचा मार्ग निर्विघ्न असो. त्यांची वाट पाहणाऱ्यांचे मन निर्भय असो. आणि प्रेमाने सोडलेला प्रत्येक हात पुन्हा हाती येवो.