आधी नाव, मग आत

माझ्या बायकोला, बेबीनंदाला, लकवा झाला आणि मला तिला उचलणं जमेना. मुलगा प्रेम सुरतेला असतो. म्हणून तिला नवीन जालन्यात म्हाताऱ्या बायांच्या आधारघरात ठेवली. मी बदनापूरहून रोज रेल्वेनं डबा घेऊन जायचो. तिला घास लवकर गिळता येत नसे. आया घाई करायच्या, मग ठसका लागायचा. पोटभर ती माझ्याच हातानं जेवायची.

मग संपतचं प्रकरण झालं. आधारघरातल्याच दैवशालाबाईंच्या या मुलाला तिथं बंदी होती. तो दुसऱ्याच बाईचा भाचा म्हणून आत शिरला आणि आईच्या कानातली फुलं मागू लागला. ती नाही म्हणाली. त्यानं फूल ओढलं, कानाची पाळी फाटली. ती ओरडली तसा त्यानं तिचा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटून मोडला. तेव्हा बाया उठल्या. काठ्या, कुबड्या, तांबे, हाताला लागेल त्यानं त्याला हाणलं. तिथंच राहणाऱ्या कहकशाआपांनी त्याचे दोन दात पाडले.

त्या दिवसापासून आधारघर चालवणाऱ्या साधनाताईंनी नियम केला. पुरुषानं दारात नाव सांगायचं, आतल्या बाईनंही तेच नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मगच आत. दारावर खुर्ची टाकून कहकशाआपा बसल्या.

"आपा, मला तर वळखता तुमी," मी म्हणालो.

"संपत भी पहचान का बनके आया था." त्यांनी आत हाक मारली, "बेबीनंदाबाई, ये कौन?"

खाटेवरून ती हसली. "प्रेमचे बाप."

"नाम बोलो."

"आता म्हातारपणी नाव घ्यायला लावता का? लग्नात बी उखाणा घेतला न्हाई म्या."

"मैं भी सारी उमर फहीम के अब्बा बोलके निकाली. फिर भी बोलो."

तिनं नाव घेतलंच नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. बेबीनंदा विहारात जायची, उपासतापास कधी केले नाहीत, पण हे एक तिनं सोडलं नव्हतं. मी डबा आयेच्या हातात दिला आणि परत गेलो.

दुसऱ्या दिवशी आया म्हणाली, "काल भरवताना ठसका लागून काळीनिळी पडली व्हती. दातखीळ उघडून घास काढला."

पुन्हा तेच सुरू झालं. नाव सांगा, नाव सांगा. माझं डोकं फिरलं. मी आपांना ढकललं आणि आत घुसलो. त्या चौकटीवर आदळल्या, कपाळातून रक्त आलं.

बायांनी मला खाटेपर्यंत पोचू दिलं नाही. पहिली काठी मानेवर बसली. दैवशालाबाईंनी प्लास्टरचा हात माझ्या तोंडावर मारला. मी खाली पडलो. कुबडीचं टोक बरगडीत घुसलं. डबा उलटला, त्यावर पाय पडले. "पकडो हरामी को! डोस्क्यात हान त्याच्या!" एवढंच ऐकू येत होतं. मला वाटलं, आता मेलो.

"शिवाजी! शिवाजी हाये त्यो! सोडा, मरंल!"

बेबीनंदा ओरडली होती. काठ्या थांबल्या.

मी सरपटत खाटेपाशी गेलो. ती चांगल्या हातानं स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. ओठ फुटला तरी मारत होती. मी हात धरला तर तिनं मला चावा घेतला.

"माझ्यापायी तुमचं आयुष्य गेलं," म्हणाली. "जळो हे तोंड."

कपाळाला पदर दाबून आपांनी वाटीत दूधभात आणला. "खिलाव इसको." मी घास पुढं केला. तिनं दात आवळले. मी हातापाया पडलो, रागावलो, शेवटी जबडा दाबून घास आत कोंबला. तो तिनं माझ्या अंगावर थुंकला.

रोज तेच. आता मला कोणी अडवत नव्हतं, आणि ती तोंड उघडत नव्हती. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती तिनं रक्त येईस्तोवर ओढून काढली. परत घातली तर परत ओढली. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

माझ्या बरगड्या जुळल्या. परवा तपासायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "बाबा, सगळं बराबर आहे. अजून पुष्कळ जगाल."

मी त्यांच्या टेबलावरची काच मुठीनं फोडली.